फ्रॅक्शनल रेव्हऑप्स की रेव्हऑप्स कन्सल्टंट, नक्की कोणाला बोलवायचं?

समजा बाणेरला ऑफिस असलेली पन्नास-साठ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, क्लायंट बहुतेक अमेरिकेत, सेल्सला सहा जण, मार्केटिंगला तीन, कस्टमर सक्सेसला (विक्रीनंतर ग्राहक सांभाळणारी टीम) चार, आणि या सगळ्यांचा सीआरएम (ग्राहक आणि डील्सची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर), रिपोर्ट, फोरकास्ट (पुढच्या विक्रीचा अंदाज), कमिशनचा हिशोब बघायला एकच ॲनालिस्ट, तीसुद्धा दोन-तीन वर्षं अनुभव असलेली. कधीतरी फाउंडरच्या लक्षात येतं की रेव्हऑप्स, म्हणजे सेल्स, मार्केटिंग आणि कस्टमर सक्सेस यांच्या मागची सिस्टिम, आकडे आणि नियम सांभाळण्याचं काम, एवढ्यावर चालणार नाही, पण सीनियर माणूस फुलटाइम घ्यावा एवढं काम नाही आणि तेवढं बजेट पण नाही. मग शोधाशोध सुरू होते आणि दोन प्रकारची माणसं समोर येतात, एक म्हणतो मी फ्रॅक्शनल, दुसरा म्हणतो मी कन्सल्टंट. दोघं बाहेरचे, दोघं इनव्हॉइस पाठवणारे, दोघांचा टीडीएस कापायचा, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर असेल तर दोघांच्या बिलावर 18 टक्के जीएसटी. अकाउंट्सच्या टेबलावरून बघितलं तर काहीच फरक दिसत नाही, म्हणून एकाच्या जागी दुसरा घेतला जातो आणि तीन महिन्यांनी ऐकू येतं की बाहेरचा माणूस आणून काही उपयोग झाला नाही.

फरक कामाच्या मालकीचा आहे. कन्सल्टंटला एक प्रश्न दिलेला असतो, तो तपासतो, उत्तर देतो, कधी करूनही देतो, आणि काम संपलं की जातो. फ्रॅक्शनल माणूस टीममधली एक जागा घेतो, फक्त आठवड्यातले थोडे तास, पण त्या जागेची जबाबदारी पूर्ण त्याची. आपल्याकडे हे नवीन अजिबात नाही. बाजारपेठेतल्या दुकानात आठवड्यातून दोनदा येणारे अकाउंटंट काका असतात, तेच आणखी तीन-चार दुकानांच्या वह्या बघतात, आणि वर्षाअखेरीला सीए येऊन ऑडिट करतात. वही महिनाभर जुळलेली ठेवणं हे काकांचं काम आणि त्या वहीवर मत देणं हे सीएचं, दुकानदार या दोघांत कधी गोंधळत नाही.

आता हे रेव्हऑप्समध्ये कसं दिसतं ते एका उदाहरणात बघू. पाइपलाइनमध्ये (चालू असलेल्या डील्सच्या यादीत) "प्रपोजल पाठवलं" ही स्टेज आहे आणि त्यात पडलेल्या अर्ध्या डील्सची क्लोज डेट क्वार्टरच्या शेवटच्या तारखेला आहे, कारण सेल्सच्या माणसाने, म्हणजे रेपने, दुसरी कुठली टाकायची म्हणून तीच टाकली. तारीख उलटली की ती पुढच्या क्वार्टरच्या शेवटी सरकवली जाते. कन्सल्टंट हे बरोबर पकडेल, लिहील की या स्टेजमधून डील पुढे जायला कुठल्या अटी पूर्ण व्हायला हव्यात ते ठरवा, ग्राहकाकडे निर्णय कोण घेणार आणि पुढचं पाऊल काय ही दोन फील्ड सक्तीची करा. सल्ला शंभर टक्के योग्य. फील्ड सक्तीची होतात, आणि पुढच्या शुक्रवारी उघडून बघावं तर एकात टिंब टाकलंय, दुसऱ्यात "एनए". खरं काम इथून पुढे आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणीतरी डील बाय डील विचारायला लागतं की निर्णय कोण घेणार, नाव सांग, नाव नसेल तर ही डील आज कमिटमधून (नक्की येणार म्हणून धरलेल्या डील्स) काढून बेस्ट केसमध्ये (जमलं तर येतील अशा डील्स) टाकूया, आणि हे सेल्स हेड समोर बसलेला असताना म्हणायचं, आणि सलग सात-आठ सोमवार म्हणायचं, तेव्हा कुठे टिंबं बंद होतात. ॲनालिस्टला एवढा अधिकार नसतो, कन्सल्टंट तोवर गेलेला असतो. फ्रॅक्शनल माणसाला पैसे द्यायचे ते याच सोमवारांसाठी.

दुसरं उदाहरण लीड राउटिंगचं, म्हणजे आलेली चौकशी कुठल्या रेपकडे जायची ते ठरवण्याचं, इथून अमेरिकेला विकणाऱ्या कंपन्यांना हे चांगलंच माहिती असतं. न्यूयॉर्कला सकाळी 11 वाजता कोणी डेमोचा फॉर्म भरला तर आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. राउटिंगचा नियम जुलैमध्ये लिहिला असेल तर तेव्हा तो बरोबरच होता, पण नोव्हेंबरपासून लीड अशा रेपला जातो ज्याची शिफ्ट संपली आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहतो. यात चूक कोणाचीच नाही. पण जुलैमध्ये येऊन गेलेल्या माणसाला हे कधी दिसणारच नाही, दर आठवड्याला रिस्पॉन्स टाइमचा रिपोर्ट उघडणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दिसतं.

म्हणून कन्सल्टंट कमी दर्जाचा असं मुळीच नाही. ज्या कामाला सुरुवात आणि शेवट आहे तिथे तोच हवा. सेल्सफोर्स या सीआरएमने वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डर या ऑटोमेशनच्या दोन जुन्या टूल्सचा सपोर्ट 31 डिसेंबर 2025 ला संपवला, ज्यांची ऑटोमेशन्स अजून त्यावर आहेत त्यांना ती सेल्सफोर्सच्याच फ्लो या नव्या टूलमध्ये न्यायची आहेत, हे सरळ प्रोजेक्ट आहे, ज्याने हे अनेकदा केलंय त्याला बोलवा आणि ठरलेल्या रकमेत करून घ्या. एका सीआरएमवरून दुसऱ्यावर जाणं, नवीन प्रायसिंगसाठी कोटेशनची व्यवस्था लावणं, हेही तसंच. आणि काय बिघडलंय हेच माहीत नसेल तर आधी कन्सल्टंटकडून तपासणी आणि मग फ्रॅक्शनल हा क्रम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

एकापेक्षा जास्त फ्रॅक्शनल स्पेशलिस्ट घ्यायचे का, तर हो, पण जपून. कमिशन प्लॅन बनवणारा माणूस वर्षाच्या सुरुवातीला आणि क्वार्टर बंद होताना लागतो, मधे फारसा नाही. सीआरएमचं ॲडमिन दर आठवड्याला लागतं. दोन्ही एकाच माणसाला उत्तम येईल ही अपेक्षा चुकीची आहे. मात्र तीन फ्रॅक्शनल आणले आणि त्यातल्या कोणाकडेच शेवटचा शब्द नसेल तर मार्केटिंगचा एमक्यूएलचा (सेल्सकडे द्यायला योग्य ठरवलेल्या लीड्सचा) आकडा एक, सेल्सचा दुसरा, आणि बोर्डसमोर तिसरा असं होतं. शेवटचा शब्द कोणाचा हे पहिल्या दिवशी लेखी ठरवा.

फ्रॅक्शनल सीएफओ (वित्तप्रमुख) तुम्ही ऐकला असेल, तिथे कायद्याची एक मर्यादा आहे, कंपनी कायदा 2013 च्या कलम 203 प्रमाणे ज्या कंपन्यांना होलटाइम सीएफओ ठेवणं बंधनकारक आहे तिथला तो माणूस उपकंपनी सोडून दुसऱ्या कंपनीत ते पद घेऊ शकत नाही. रेव्हऑप्सला असं काही बंधन नाही, त्यामुळे तुमचा फ्रॅक्शनल माणूस आणखी कोणाकोणाकडे काम करतो हे तुम्हालाच विचारावं लागेल, तुमचा प्रतिस्पर्धी त्यात आहे का हेही, कारण तुमची अख्खी पाइपलाइन आणि डिस्काउंट त्याच्या डोळ्यासमोर असणार.

आणि आता ती ॲनालिस्ट. मला या सगळ्यात तिची जास्त काळजी वाटते. चांगला फ्रॅक्शनल माणूस नियम लिहिताना तिला शेजारी बसवतो, हा व्हॅलिडेशन रूल (सीआरएममध्ये चुकीची नोंद अडवणारा नियम) असा का, फोरकास्टमध्ये गेल्या क्वार्टरची चूक कुठून आली, सेल्स हेड चिडला तर काय बोलायचं, हे तिला कळत जातं. वाईट माणूस सगळं स्वतः पटापट करून टाकतो, काम झालेलं दिसतं, पण तो नसला की कोणाला काही हलवता येत नाही. तेव्हा करार करताना तासांसोबत हेही लिहून घ्या की सहा महिन्यांनंतर कुठल्या गोष्टी ती एकटी करू शकली पाहिजे. शेवटच्या महिन्यात सोमवारची मीटिंग तिनेच घ्यायची, त्याने फक्त ऐकायचं.

फ्रॅक्शनल माणसाची जायची तारीख ठरली की त्याचं ॲडमिन लॉगिन त्या दिवशी बंद करा, पण त्याआधी कुठली इंटिग्रेशन्स (सीआरएमला इतर सॉफ्टवेअरशी जोडणाऱ्या जोडण्या) त्याच्या युजरवर चालतायत ते बघून ती कंपनीच्या वेगळ्या युजरवर हलवून घ्या, नाहीतर इकडे लॉगिन बंद केलं आणि तिकडे वेबसाइटच्या फॉर्मवरून लीड यायचेच थांबले असं होऊ शकतं, आणि ते दोन-तीन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.