फॉलोअर्सशी जवळीक : सोलापुरातील निर्मात्यांपुढील प्रश्नाची पार्श्वभूमी

सोलापुरात आज मोबाईलवर नियमितपणे व्हिडिओ करणारे अनेक निर्माते आहेत. कोणी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून दाखवतो, कोणी सोलापुरी बोलीत विनोदी प्रसंग रचतो, तर कोणी संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक थेट दाखवतो. प्रेक्षक मिळवणे यांपैकी बऱ्याच जणांना जमले आहे. मिळालेल्या प्रेक्षकांशी नाते कसे जोडावे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि त्याची मुळे इंटरनेटच्या बरीच आधीची आहेत.

शाहीर राम जोशी अठराव्या शतकात याच सोलापुरात जन्मले. ज्या शाहिरी परंपरेत ते वाढले, तिच्यात कलावंत आणि रसिक एकमेकांच्या समोर असत. कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन प्रतिस्पर्धी पक्षांचा सामना रंगायचा तो समोरून येणाऱ्या दादीवर. पुढे तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचे, म्हणजे खूश होऊन बक्षिसाचे पैसे देणाऱ्याचे, नाव सर्वांदेखत पुकारले जाऊ लागले. पैशाइतकेच त्या पुकारण्याला मोल होते, कारण गर्दीतला एक माणूस त्या क्षणी नावानिशी ओळखला जाई.

रेडिओने श्रोते लाखांवर नेले, पण त्यांना कलावंताच्या नजरेआड केले. ही उणीव पत्रांनी काही अंशी भरून काढली. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि तिला श्रोत्यांच्या पत्रांचा अक्षरशः पूर आला. फर्माईशी गीतांच्या कार्यक्रमांत गाण्याआधी श्रोत्यांची आणि त्यांच्या गावांची नावे वाचली जात, आणि ती ऐकण्यासाठी माणसे रेडिओला कान लावून बसत. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी अशा नात्याला ‘पॅरासोशल’ असे नाव दिले. निवेदक मित्रासारखा थेट आपल्याशी बोलतो, त्यामुळे आपण त्याला ओळखतो असे प्रेक्षकाला वाटते. निवेदक मात्र प्रेक्षकाला ओळखत नसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आजच्या निर्मात्याने हे निरीक्षण मनापासून समजून घ्यावे, असे मला वाटते, कारण फॉलोअरच्या मनात आपल्याविषयी तयार झालेली ओळख ही आपण त्याला दिलेली ओळख नव्हे.

२००५ मध्ये आलेल्या यूट्यूबने व्हिडिओखालीच प्रतिक्रियेची सोय दिली आणि उत्तर देणे पुन्हा शक्य झाले. सोलापूरसारख्या शहरात हे माध्यम घरोघरी पोहोचले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला तेव्हा. कामासाठी पुण्याला गेलेला सोलापूरकर आता गावाकडचे व्हिडिओ रोज पाहू लागला आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा सगळ्या घरांतून प्रतिक्रिया येऊ लागल्या. चटणीच्या व्हिडिओखाली कोणी विचारते, ‘उखळात कुटली की मिक्सरला लावली?’ प्रश्न साधा असला तरी जाणत्याचा आहे, कारण भाजलेले शेंगदाणे उखळात कुटले की तेल सुटून चटणी ओलसर होते, तर मिक्सरमध्ये तिचा नुसता कूट होण्याची भीती असते. अशा प्रश्नाला विचारणाऱ्याचे नाव घेऊन पुढच्या व्हिडिओत कुटून दाखवत उत्तर दिले, की तो फॉलोअर त्या स्वयंपाकघराशी जोडला जातो.

मात्र संख्या वाढत गेली तशी ही सोय अपुरी पडू लागली, आणि मध्ये अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारी संगणकीय पद्धत, आला. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने वेळेच्या क्रमाने पोस्ट दाखवणे सोडले; २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देऊन पेजेसचा आवाका कमी केला. त्याहून मोठा धक्का २९ जून २०२० रोजी बसला. त्या दिवशी भारत सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकही होते. तिथे हजारोंनी फॉलोअर्स जमवलेल्या गावोगावच्या निर्मात्यांकडे त्या माणसांशी संपर्काचा दुसरा मार्गच उरला नाही. पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्राम रील्स हे छोटे व्हिडिओ सुरू झाले आणि बरेच जण तिकडे वळले. पण रील मुख्यतः अनोळखी लोकांपुढे जाते, त्यामुळे लाखभर व्ह्यूज मिळूनही ओळखीची माणसे थोडीच राहतात.

जवळिकीची म्हणून ओळखली जाणारी साधने याच काळात आली. इन्स्टाग्रामची स्टोरी २०१६ मध्ये आणि तिच्यावर प्रश्न विचारण्याची सोय २०१८ मध्ये आली. यूट्यूबची सुपर चॅट २०१७ मध्ये, तर चॅनेलचे सशुल्क सभासदत्व २०१८ मध्ये सुरू झाले. सुपर चॅटमध्ये पैसे देणाऱ्याचे नाव थेट प्रक्षेपणात ठळकपणे झळकते आणि निर्माता ते मोठ्याने वाचतो. फडावरच्या दौलतजाद्याशी तिचे साम्य उघड आहे. २०२३ मध्ये इन्स्टाग्रामचे ब्रॉडकास्ट चॅनेल आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल आले. सूचना पोहोचवायला व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल उत्तम आहे, पण तिथे फॉलोअरला इमोजी देता येतो किंवा मतचाचणीत मत देता येते, स्वतःहून प्रश्न लिहून विचारता येत नाही. म्हणून यात्रेच्या मिरवणुकीची वेळ कळवायला ते वापरावे, आणि उखळाचा प्रश्न विचारणाऱ्यासाठी प्रतिक्रियांची जागा उघडी ठेवून तिथे स्वतः उत्तर द्यावे, ही विभागणी मला योग्य वाटते.