ट्रेसीची कबर आणि सहा जेम्स बॉण्ड

लंडनच्या पश्चिमेला स्टोक पोजेस नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात कवी थॉमस ग्रे याला पुरलं आहे. १९८१ चा 'फॉर युअर आइज ओन्ली' हा बॉण्डपट याच आवारात सुरू होतो. रॉजर मूर कबरींमधून चालत येतो, एका दगडापाशी थांबतो, फुलं ठेवतो. दगडावर कोरलेलं दिसतं : टेरेसा बॉण्ड, १९४३-१९६९, जेम्स बॉण्डची प्रिय पत्नी. त्याखाली एकच ओळ, 'आपल्यापाशी वेळच वेळ आहे'. तेवढ्यात पाद्रीबुवा निरोप घेऊन येतात की ऑफिसचं हेलिकॉप्टर न्यायला येतंय, आणि चित्रपट पुढच्या धामधुमीला लागतो.

प्रसंग जेमतेम मिनिटभराचा. पण बॉण्डपटांचा इतिहास सांगायला बसलो की मी दरवेळी या दगडापासून सुरुवात करतो. कारण या टेरेसाशी, म्हणजे ट्रेसीशी, मूरचं लग्न झालंच नव्हतं. ते लागलं होतं जॉर्ज लेझन्बीशी, बारा वर्षं आधी. बायको एकाची आणि दुखवटा दुसऱ्याचा, तरी थिएटरात बसलेल्याला ते जराही खटकत नाही. इतकी वर्षं ही मालिका कशी टिकली याचं उत्तर मला त्या न खटकण्यात दिसतं.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं छापून येतं आणि प्रेक्षक समजून जातो. डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भटांनी गणपतराव बेलवलकर उभे केले तेव्हा लोकांनी तुलना केली, वाद घातले, पण गोंधळले नाहीत. नाटक रोज रात्री पहिल्यापासून सुरू होतं. चित्रपटमालिकेची अडचण वेगळी. तिथे गोष्ट पुढे सरकत असते आणि जुना चेहरा फिल्मवर कायमचा उमटलेला असतो. तो पुसता येत नाही. नव्या नटाला त्या चेहऱ्याच्या शेजारीच उभं राहावं लागतं.

पहिला चेहरा शॉन कॉनरीचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्यात काम केलेल्या इयान फ्लेमिंगने १९५२ मध्ये जमैकातल्या आपल्या 'गोल्डनआय' या घरी पहिली बॉण्ड कादंबरी लिहिली. नायकाचं नाव त्याने घेतलं कॅरिबियन पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका पक्षीतज्ज्ञाकडून, कारण त्याला अगदी साधं, लक्षात न राहणारं नाव हवं होतं. १९६१ मध्ये अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोघांनी इऑन प्रॉडक्शन्स ही कंपनी काढली आणि ५ ऑक्टोबर १९६२ ला लंडनमध्ये 'डॉ. नो' झळकला. कॉनरी एडिनबरोच्या कामगारवस्तीतला. दूध घरोघरी पोचवण्याचं काम केलेला, व्यायामाने कमावलेल्या शरीराचा. फ्लेमिंगच्या कल्पनेतला बॉण्ड उच्चभ्रू वर्तुळात सहज वावरणारा होता आणि ही निवड त्याला सुरुवातीला पटली नव्हती. दिग्दर्शक टेरेन्स यंग कॉनरीला स्वतःच्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे घेऊन गेला. कपडे कसे घालायचे, हॉटेलात कसं बसायचं, वाइन कशी मागवायची, हे सगळं त्याला घोटून घोटून शिकवलं. पडद्यावर जे दिसलं ते या दोन जगांच्या मिश्रणातून आलं : अंगावर उंची सूट आणि आत मारामारी करून वर आलेला माणूस. तो चालतो तेव्हा दोन्ही दिसतात.

फ्लेमिंगचंही मत बदललं. १९६४ च्या कादंबरीत त्याने बॉण्डचे वडील स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोचे असल्याचं लिहिलं. म्हणजे नटाने पात्र उचललं आणि मग पात्राच्या वंशावळीत नट शिरला. लेखकाने नटाला याहून मोठी दाद काय द्यावी? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्लेमिंग गेला.

'गोल्डफिंगर' आणि 'थंडरबॉल'नंतर बॉण्डची लाट जगभर उसळली आणि कॉनरीला तिचा जाच होऊ लागला. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'च्या चित्रीकरणासाठी जपानला गेल्यावर छायाचित्रकार त्याच्या मागे स्वच्छतागृहापर्यंत पोचले. त्याने बस्स म्हटलं. १९६७ मध्ये निर्मात्यांसमोर कधीच न आलेला प्रश्न उभा राहिला : बॉण्ड म्हणजे कॉनरी, की कॉनरीशिवाय बॉण्ड?

उत्तर म्हणून आला जॉर्ज लेझन्बी. ऑस्ट्रेलियाचा, मॉडेलिंग करणारा, चॉकलेटच्या जाहिरातीतला, अभिनयाचा अनुभव नसलेला. भूमिका मिळवण्यासाठी त्याने केलेली तयारी मला फार बोलकी वाटते. तो कॉनरीच्या न्हाव्याकडे गेला आणि तसेच केस कापून घेतले. कॉनरीच्या शिंप्याकडे गेला आणि कॉनरीसाठी शिवलेला पण न नेलेला सूट विकत घेतला. हातात रोलेक्स घातलं. चाचणीच्या मारामारीत समोरच्या स्टंटवाल्याचं नाक फोडलं आणि भूमिका पटकावली. दुसऱ्याच्या सुटात शिरून तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरला.

'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) हा सगळा चित्रपट प्रेक्षकाला समजावत राहतो की माणूस तोच आहे. सुरुवातीला समुद्रकिनारी तो ट्रेसीला वाचवतो, ती गाडी घेऊन निघून जाते, आणि तिच्या चपला हातात धरून तो म्हणतो, 'त्या दुसऱ्याच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं.' श्रेयनामावलीत वाळूच्या घड्याळातून आधीच्या चित्रपटांतली दृश्यं झरतात. नायिका दिसतात, खलनायक दिसतात, फक्त कॉनरी दिसत नाही. मग राजीनामा देऊन ऑफिस रिकामं करताना तो टेबलाचा खण उघडतो. आतून निघतो 'डॉ. नो'मधल्या नायिकेचा, हनीचा सुरा, दुसऱ्या चित्रपटातल्या मारेकऱ्याचं गळफासाची तार लपवलेलं घड्याळ, 'थंडरबॉल'मधलं पाण्याखाली श्वास घ्यायचं छोटं यंत्र. प्रत्येक वस्तूबरोबर मागे त्या त्या चित्रपटाची सुरावट वाजते. वारस हक्काची कागदपत्रं मांडून दाखवतो, तसा हा खण आहे.

आणि मग शेवट. लग्न लागून काही वेळच झालाय, गाडीवर फुलं आहेत, रस्त्याकडेला थांबून बॉण्ड ती काढतोय. मागून गाडी येते, गोळ्या सुटतात. ट्रेसीचं डोकं मांडीवर घेऊन तो जवळ आलेल्या पोलिसाला सांगतो की घाई नाही, ती जरा विश्रांती घेतेय, आपल्यापाशी वेळच वेळ आहे. पहिल्या टेकला लेझन्बी रडला आणि बॉण्ड रडत नाही म्हणून दिग्दर्शक पीटर हंटने दुसरा टेक घेतला, असं लेझन्बी सांगत आला आहे. काच फुटलेल्या गाडीवर चित्रपट संपतो. एवढी जड गोष्ट नवख्या नटाच्या खांद्यावर टाकली आणि त्याने ती पेलली, असं माझं ठाम मत आहे. तिकीटबारीवर चित्रपट आधीच्या तुलनेत मागे पडला, तरी तो आपटला नव्हता. पण हेरगिरीच्या कथांचे दिवस संपले या एजंटच्या सल्ल्यावर विसंबून लेझन्बीने प्रदर्शनाच्या आधीच भूमिका सोडली होती. खेळाच्या शुभारंभाला तो लांब केस आणि दाढीत हजर झाला.

१९७१ मध्ये कॉनरी साडेबारा लाख डॉलरवर परतला, ती रक्कम त्याने स्कॉटिश मुलांच्या शिक्षणासाठी काढलेल्या न्यासाला दिली, आणि 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये ट्रेसीचं नावसुद्धा निघालं नाही. निर्माते घाबरले होते, दुसरं काही नाही.

रॉजर मूरच्या वेळी मात्र ते शहाणे झाले होते. १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये त्यांनी कॉनरीची एकेक खूण मुद्दाम काढून घेतली. हा बॉण्ड मार्टिनी मागवत नाही, बर्बन मागवतो. सिगारेटऐवजी चिरूट ओढतो. यंत्रं देणारा क्यू त्या चित्रपटात नाहीच. मूर तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा, टीव्हीवरच्या मालिकेने घराघरात पोचलेला, आणि मारामारीपेक्षा भुवई उंचावण्यात वाकबगार. त्याने कॉनरी व्हायचा प्रयत्नच केला नाही आणि सात चित्रपट काढले. त्याच्या बॉण्डला लोक हलका म्हणतात. गंमत त्यात होतीच. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त उदयपूरच्या रस्त्यावर विजय अमृतराज रॅकेटने गुंडांना हाणतो आणि बघ्यांच्या माना टेनिसच्या सामन्यासारख्या डावी-उजवीकडे फिरतात. कबीर बेदी त्यात खलनायकाचा उजवा हात आहे.

पण त्याच मूरचा 'द स्पाय हू लव्हड मी' (१९७७) काढून बघा. बारमध्ये रशियन हेर आन्या त्याची फाइल तोंडपाठ म्हणून दाखवते : नौदलात होता, मैत्रिणी अनेक, लग्न एकदाच, बायको मारली गेली... तो तिला मध्येच तोडतो. चेहऱ्यावरचं हसू विझतं. काही सेकंदच, पण लेझन्बीची बायको त्या क्षणी मूरची होते. मी हा चित्रपट शाळेत असताना भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. आधीचा पाहिला नव्हता, ट्रेसी कोण हे ठाऊक नव्हतं, तरी या माणसाच्या मागे काहीतरी घडून गेलंय एवढं कळलं होतं.

त्या चित्रपटाच्या शेवटी पुढचा 'फॉर युअर आइज ओन्ली' अशी घोषणा होती. पण १९७७ मध्येच 'स्टार वॉर्स'ने धुमाकूळ घातला आणि निर्मात्यांनी बेत फिरवून बॉण्डला 'मूनरेकर'मधून अंतराळात धाडलं. लेझर बंदुकांची लढाई झाल्यावर जमिनीवर उतरणं भागच होतं. ते काम आलं जॉन ग्लेनकडे. त्याने १९६९ च्या चित्रपटाचं संकलन केलं होतं, म्हणजे ट्रेसीचा मृत्यू त्याच्या हाताखालून गेलेला. त्यात मूर पुढे काम करणार की नाही हे नक्की नव्हतं. नवा नट आलाच तर पहिल्याच दृश्यात तो जुनाच माणूस आहे हे प्रेक्षकाला पटावं, म्हणून कबरीचा प्रसंग लिहिला गेला. मूर राहिला, प्रसंगही राहिला. सत्तावन्नाव्या वर्षी, १९८५ मध्ये, मूर थांबला.

त्यानंतर पिअर्स ब्रॉस्नन ठरला होता, पण त्याच्या टीव्ही मालिकेचा करार वाहिनीने ऐनवेळी वाढवला. संधी गेली टिमथी डाल्टनकडे. शेक्सपिअर केलेला हा नट फ्लेमिंगच्या कादंबऱ्या पुन्हा वाचून सेटवर आला आणि मूरच्या गमतीनंतर त्याचा चिडलेला, थकलेला बॉण्ड लोकांना झेपला नाही. काळाच्या पंधरा-वीस वर्षं आधी आला, असं त्याच्याबद्दल मला वाटतं. 'लायसन्स टू किल'मध्ये (१९८९) मित्र फीलिक्सच्या लग्नात नवरी त्याला चेष्टेने म्हणते की पुढचा नंबर तुझा. त्याचा चेहरा उतरतो आणि तो निघून जातो. फीलिक्स बायकोला हळूच सांगतो, त्याचं एकदा लग्न झालं होतं, फार वर्षांपूर्वी. तिसऱ्या चेहऱ्याने तीच जखम वागवली.

मग कंपन्यांची कोर्टबाजी आणि सहा वर्षांचा खंड. तेवढ्यात बर्लिनची भिंत पडली आणि सोव्हिएत संघ विरघळला. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये ब्रॉस्नन अखेर आला तेव्हा ज्युडी डेंचची एम, म्हणजे हेरखात्यातली त्याची वरिष्ठ, त्याला तोंडावर सुनावते की तू शीतयुद्धातला अवशेष आहेस. टीका बाहेरून व्हायच्या आत चित्रपटानेच करून टाकली. पुढच्याच वर्षी अल्बर्ट ब्रोकोली वारला आणि मुलगी बार्बरा व सावत्र मुलगा मायकल विल्सन यांनी घराण्याची गादी पुढे चालवली. १९९९ मध्ये नायिका विचारते, जिवलग माणूस कधी गमावलंय? ब्रॉस्नन उत्तर टाळतो. ट्रेसी पुन्हा तिथे, न बोलता. २००२ च्या चित्रपटात मात्र अदृश्य होणारी गाडी आली आणि मालिका पुन्हा 'मूनरेकर'च्या टोकाला पोचली.

चेहरे बदलत असताना आसपासची माणसं टिकली, हेही विसरता येत नाही. लोइस मॅक्सवेलची मनीपेनी (एमची सेक्रेटरी) चौदा चित्रपटांत, बर्नार्ड लीचा एम अकरा, डेस्मंड लूएलिनचा क्यू १९६३ ते १९९९ पर्यंत सतरा. नवा नायक घरात आला तरी ओसरीवरची वडीलधारी तीच.

२००५ च्या ऑक्टोबरात थेम्स नदीतून लाइफजॅकेट घालून डॅनियल क्रेग पत्रकारांसमोर आला आणि सोनेरी केसांचा बॉण्ड नको म्हणून ओरड झाली. 'कॅसिनो रॉयल' या फ्लेमिंगच्या पहिल्या कादंबरीचे हक्क दशकानुदशकं बाहेर होते, ते १९९९ मध्ये हाती आले होते. २००६ मध्ये त्यातून मालिकेने पहिल्यांदाच पाटी कोरी केली : ००७ हा क्रमांकही बॉण्ड आता मिळवतोय. ट्रेसी घडलीच नाही. तिच्या जागी व्हेस्पर आली आणि गेली. तरीही धागा पूर्ण तुटला नाही. एम म्हणून डेंचच राहिली, आणि 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) गॅरेजमधून 'गोल्डफिंगर'ची ॲस्टन मार्टिन बाहेर आली, तीच नंबरप्लेट, तेच उडवून देणारं आसन. तर्काला धरून नाही, पण थिएटरात टाळ्या पडल्या. त्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, बॉण्डपटांत पहिल्यांदाच.

'नो टाइम टू डाय' (२०२१) सुरू होतो बॉण्डच्या प्रेयसीच्या, मॅडलेनच्या, बालपणीच्या प्रसंगाने आणि मग येतो इटलीतल्या मातेरा गावात. गाडीत क्रेग मॅडलेनला म्हणतो, आपल्यापाशी वेळच वेळ आहे. मग तो व्हेस्परच्या कबरीपाशी जातो आणि तिथे स्फोट होतो. शेवटी क्षेपणास्त्रं कोसळून बॉण्ड स्वतः मरतो आणि लुई आर्मस्ट्राँगचं १९६९ चं ट्रेसीचं गाणं लागतं. ज्या कबरीने पाच चेहरे एका माणसात बांधले, ती सहाव्याच्या वाट्याला आलीच नव्हती. त्याला फक्त तिच्यावरची ओळ मिळाली.

२०२२ मध्ये ॲमेझॉनने बॉण्डपटांशी जोडलेला एमजीएम हा हॉलिवूडचा स्टुडिओ घेतला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रोकोली-विल्सन यांनी सर्जनशील निर्णयांचे अधिकार त्यांच्याकडे सोपवले. दिग्दर्शनासाठी डेनी व्हिलनव्ह आणि लेखनासाठी स्टीव्हन नाइट यांची नावं जाहीर झाली. आजवर प्रत्येक नव्या नटापुढे प्रश्न होता की आधीचा चेहरा कसा विसरायला लावायचा. पुढच्याला विचारलं जाईल की तू मेलेला माणूस कसा झालास. 'नो टाइम टू डाय'च्या श्रेयनामावलीच्या शेवटी नेहमीची ओळ होतीच, जेम्स बॉण्ड परत येईल. कोणत्या आठवणी घेऊन येईल, ते तिथे लिहिलेलं नव्हतं.