खळ काढणारे एन्झाइम: वापरण्यापूर्वी वाचा

कॅनचे झाकण उघडले की भिजलेल्या कोंड्याचा वास येतो आणि ‘माल खराब झाला का?’ असा फोन आम्हाला हमखास येतो. माल चांगलाच असतो. हे अमायलेज (स्टार्च तोडणारे एन्झाइम) गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या बॅसिलस जिवाणूंचे आहे. कोंड्याचा थोडा वास आणि तपकिरी रंग त्यात उतरणारच.

कोंड्यातल्या स्टार्चचा रेणू इतका मोठा असतो की तो जिवाणूच्या पेशीत शिरू शकत नाही. म्हणून जिवाणू अमायलेज बाहेर सोडतो, स्टार्चचे तुकडे करतो आणि ते आत घेतो. विणण्याआधी तुमच्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) सायझिंगमध्ये, म्हणजे खळ चढवताना, लावलेली खळही स्टार्चचीच. सूत मात्र सेल्युलोजचे, त्याला अमायलेज धक्का लावत नाही. आम्लाने खळ काढताना कापड कमजोर होण्याची भीती असते, ती इथे नाही.

कोंडा भिजवून, शेंगदाणा पेंड मिसळून आम्ही तो 121 अंशांवर निर्जंतुक करतो. गार झाला की जिवाणूंचे विरजण घालतो. ट्रेमधला थर पातळच ठेवावा लागतो, नाहीतर वाढीच्या उष्णतेने तो मधोमध तापतो आणि उत्पादन घटते. दोन-तीन दिवसांनी एन्झाइम पाण्यात उतरवून गाळून घेतो.

प्रत्येक गिरणीचा कोंडा वेगळा, म्हणून प्रत्येक बॅचची ताकदही वेगळी. ती मोजूनच आम्ही माल एकसारखा करतो. दरांची तुलना किलोवर करू नका, युनिटवर (एन्झाइमच्या ताकदीच्या मापावर) करा. स्वस्त कॅनमध्ये बहुधा पाणीच जास्त असते. आणि हो, आमचे खरे स्पर्धक म्हणजे गोठे! चारा महागला की कोंडा महागतो आणि आमचाही दर हलतो.

बाथ (कापड बुडवायचे एन्झाइमचे पाणी) 60 ते 70 अंश, पीएच 6 ते 7 ठेवा. उकळत्या पाण्यात ओतू नका, एन्झाइम तिथेच मरते. त्याला टिकायला कॅल्शियम लागते, त्यामुळे पाणी जड आहे म्हणून सवयीने सिक्वेस्टरिंग एजंट (कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन) टाकाल तर घात होईल. खळीत पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, स्टार्च नसलेली कृत्रिम खळ) असेल, तर त्यावर हे चालत नाही. सायझिंगवाल्यांना आधी विचारा.

कॅन सावलीत ठेवा. सांडलेला द्रव वाळला की त्याची भुकटी उडते आणि दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून लगेच ओल्या फडक्याने पुसा. स्कवरिंगला (मेण-तेल काढायच्या पुढच्या धुलाईला) घेण्याआधी कापडावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-जांभळा डाग पडला तर खळ अजून आहे, कापड आणखी थोडा वेळ बाथमध्येच राहू द्या.