असुर वेगळे, राक्षस वेगळे

रावणाच्या तोंडून सांगितलेली एक इंग्रजी कादंबरी २०१२ साली आली आणि खूप खपली. तिचं नाव होतं 'असुर'. नावाला कोणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही, कारण रावण, महिषासुर, बळी, बक या सगळ्यांना आपण एकाच माळेत ओवतो. मालिकांमध्येही सगळ्यांना तीच शिंगं, तेच सुळे आणि तेच गडगडाटी हसू. पण परंपरेच्या हिशेबाने रावण असुर नाही, तो राक्षस आहे. आणि बळीला राक्षस म्हणणं हे त्याहून चुकीचं.

आधी कुळं पाहू. कश्यपाच्या बायकांपैकी अदितीची मुलं देव, दितीची दैत्य आणि दनूची दानव. दैत्य-दानवांना मिळून असुर म्हणतात. म्हणजे इंद्र आणि हिरण्यकशिपू हे सावत्र भाऊ, आणि देवासुरांचं युद्ध ही सरळसरळ भाऊबंदकी. राक्षस या वाड्यातले नव्हेत. रावण हा पुलस्त्याचा नातू आणि विश्रव्याचा मुलगा. कुबेर त्याचा सावत्र भाऊ. बापाकडून तो ब्राह्मण. राक्षसपण आलं आईकडून, सुमालीची मुलगी कैकसी हिच्याकडून.

मागे ऋग्वेदापर्यंत गेलं तर अंतर आणखी वाढतं. तिथे वरुण, अग्नी, इतकंच काय इंद्रसुद्धा 'असुर' आहे. ती थोरवीची पदवी आहे. तिसऱ्या मंडलातल्या एका सूक्तात 'महद्देवानामसुरत्वमेकम्' हे पालुपद ऋचेमागून ऋचेला येतं. देवांच्याच असुरत्वाचा हा गौरव. शेजारच्या इराणी परंपरेत अहुर म्हणजे असुरच, आणि दएव म्हणजे देव. तिथे अहुर मज्द सर्वोच्च देव झाला आणि 'दएव' दुष्ट ठरले. आपल्याकडे गाडी उलट दिशेने गेली. राक्षसांच्या वाट्याला असा मान कधीच आला नाही. सातव्या मंडलातल्या १०४व्या सूक्तात ते घुबड, कुत्रा, गिधाड अशी रूपं घेतात, रात्री पाखरं होऊन उडतात, यज्ञ नासवतात, आणि त्यांना ठेचून काढा म्हणून इंद्र-सोमांची विनवणी चालते.

मला सगळ्यात नेमका वाटतो तो मनुस्मृतीतल्या आठ विवाहांचा दाखला. मुलीच्या नातेवाइकांना आणि मुलीला द्रव्य देऊन केलेला तो आसुर विवाह. माणसं मारून, घर फोडून, रडणाऱ्या-ओरडणाऱ्या मुलीला ओढून नेणं म्हणजे राक्षस विवाह. दोन्ही नापसंतीच्याच यादीतले, पण एकात व्यवहार आहे आणि दुसऱ्यात नुसती जबरदस्ती. (क्षत्रियाला दुसरा चालतो, हेही तिथेच लिहिलेलं आहे. भागवतात रुक्मिणी कृष्णाला निरोप धाडते तोच मुळी 'राक्षस विधीने मला ने' असा.)

हा फरक कथांमध्येही तंतोतंत दिसतो. असुर तप करतो, रीतसर वर मागतो आणि त्या जोरावर इंद्राचं आसन घेतो. त्याला शुक्राचार्यांसारखा गुरू आहे, मयासारखा वास्तुविशारद आहे, राज्य आहे, वंशावळ आहे. तो नियमाने खेळतो म्हणूनच देवांना त्याच्या वरातल्या फटी शोधाव्या लागतात. हिरण्यकशिपूसाठी संध्याकाळ आणि उंबरठा गाठावा लागतो, बळीसाठी बटू होऊन हात पसरावा लागतो. राक्षसाचं भांडण स्वर्गाशी नसतं. तो अरण्यात असतो, रात्री बळावतो, हवं ते रूप घेतो, आणि त्याला माणूस खायचा असतो. हिडिंब, किर्मीर, ताटका आठवा. भारतीय युद्धात चौदाव्या दिवशी सूर्य मावळल्यावरही लढाई चालू राहिली आणि घटोत्कच भारी पडू लागला, तो याच कारणाने.

मग गोंधळ झाला कसा? बराचसा सोयरिकींनी. रावणाची मंदोदरी ही मय दानवाची मुलगी, त्यामुळे मेघनादात दोन्ही रक्तं. शत्रुघ्नाने मारलेला लवणासुर हा बापाकडून दैत्य आणि आईकडून राक्षस. आणि खुद्द रावणच वागायला पक्का असुर आहे. तप करतो, वर मागतो, देवांना जिंकतो. राक्षसाला शोभेल असं मोठं काम त्याने एकच केलं, सीतेला पळवलं. गीतेच्या नवव्या अध्यायात 'राक्षसीम् आसुरीं चैव' असे दोन स्वभाव वेगवेगळे सांगितले आहेत. सोळाव्यात मात्र दैवी आणि आसुरी एवढीच वाटणी उरते. आपल्या बोलण्यात ती सोळाव्यातलीच उतरली.

आताच्या काळात या मंडळींना जी नवी रूपं मिळाली, त्यांच्याकडे हा फरक लक्षात ठेवून पाहिलं तर बरंच उलगडतं. असुराची बाजू मांडणं सोपं जातं, कारण कथेतच राज्य हिरावून घेतल्याची तक्रार आधीपासून आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं आणि वामनाला आक्रमक ठरवलं. पण 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' ही मागणी बायाबापड्या त्याआधीपासून ओवाळताना करतच होत्या. बलिप्रतिपदा आपण पाळतो, केरळात ओणमला त्याच राजाचं स्वागत होतं. झारखंडात असुर नावाची आदिवासी जमात आहे, पूर्वापार लोखंड गाळणारी. तिच्यातले लोक महिषासुराला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेचे दिवस त्यांच्याकडे दुखवट्याचे असतात. आपल्याकडच्या म्हसोबाचं नातं दा. ध. कोसंबींनी याच महिषासुराशी जोडलं होतं. तुळजापूरला त्याला मारणारी देवी आणि गावाच्या शिवेवर शेंदूर माखलेला तो स्वतः, असा तो संसार. जेजुरीचा मणीही दैत्यच. शरण आला आणि खंडोबाजवळ जागा मिळवून बसला.

भारताबाहेर दोघांच्या वाटा आणखी फाकल्या. बौद्ध धर्माबरोबर असुर जपानला पोचला. नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिरात त्याची ७३४ सालची मूर्ती आहे, तीन मुखं, सहा हात आणि चेहरा एखाद्या विचारात पडलेल्या मुलासारखा. तिथे तो धर्माचा रक्षक आहे. राक्षस अमेरिकेत गेला तो १९७७ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या पुस्तकात, वाघाचं तोंड लावून. रूप बदलण्याचा गुण मात्र त्यांनी बरोबर उचलला.

राक्षसाला नायक करायचं तर आधी त्याच्या भुकेचं काहीतरी करावं लागतं. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ साली मेघनादाला बंगाली महाकाव्याचा नायक केलं. त्यातली लंका हे एक राजघराणं आहे. नरमांसाची आठवणही येऊ नये अशी. रावणाच्या अलीकडच्या कादंबऱ्या तेच करतात, म्हणजे त्याला आधी असुर करून घेतात. दुसरी वाट नात्याची. हिडिंबा भीमाची बायको झाली आणि निभावली. मनालीत तिचं १५५३ सालचं लाकडी मंदिर आहे आणि कुल्लूच्या राजघराण्याची ती आजी मानली जाते. तिथला दसरा ती आल्यावरच सुरू होतो.

राहिला बक. त्याच्यावर तर दुहेरी अन्याय आहे. बकासुर हे नाव खरं गोकुळातल्या बगळ्याचं, कृष्णाने चोच फाडलेल्या असुराचं. एकचक्रा नगरीत भीमाने मारला तो बक राक्षस, पण खादाड माणसाला बकासुर म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे असतो तो हाच. त्याची बाजू घेऊन लिहिलेलं अजून माझ्या वाचनात आलेलं नाही. खरंतर सामग्री महाभारतातच तयार आहे. पांडवांचा यजमान ब्राह्मण कुंतीला सांगतो की इथला राजा दुबळा आहे, शत्रूंपासून या मुलखाला बकच राखतो आणि त्याचा मोबदला म्हणून गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस ठरलेला आहे. घरोघरची पाळी लावलेली आहे. आणि हे सांगताना तो ब्राह्मण बकाला असुरांचा राजा म्हणतो.