मानधनावरच्या बाई : सीमाभागातील शिक्षिका, बाळंतपण आणि नोकरीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

एकाच मराठी शाळेत, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे शिकवणाऱ्या दोन बाई बाळंत झाल्या, तरी दोघींपुढचा प्रश्न एक नसतो. कायम नोकरीतली बाई विचार करते ते असे : सहा महिन्यांची रजा संपल्यावर शिशुपालन रजा जोडून मिळेल का, मुख्याध्यापक अर्ज पुढे पाठवतील का, बदली घराजवळ करून घेता येईल का. अतिथी शिक्षिका, म्हणजे मानधनावर वर्षापुरती नेमलेली बाई, यातले काहीच विचारत नाही. जूनमध्ये आपली जागा आपल्यासाठी राहील का, एवढेच तिला हवे असते. ‘नोकरी की बाळ’ ही चर्चा घरोघरी होते ती पहिलीला डोळ्यांपुढे ठेवून. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या मराठी पट्ट्यात आता दुसरीच अधिक दिसते, आणि तिचा निर्णय पुष्कळदा तिने घेण्याआधीच झालेला असतो. तो कुठे झाला, हे पाहण्यासाठी ही टिपणी.

फार जुन्या काळात रेंगाळण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात शिकवण्याचे काम करू लागलेल्या बायकांत विधवांचे स्थान मोठे होते. १८९६ साली पुण्यात सुरू झालेल्या आणि १९०० मध्ये हिंगण्याला गेलेल्या अण्णासाहेब कर्व्यांच्या विधवाश्रमाने अशा अनेकींना उभे केले. नवरा नाही, तेव्हा बाळंतपणाचा प्रश्नही नाही. शिकवणारी बाई म्हणजे संसार मागे सोडलेली बाई, हे चित्र तिथून मनात बसले आणि ‘व्रत’ या शब्दाला ते चपखल जुळले. पुढे व्हर्नाक्युलर फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) झालेल्या, गुरुजींशीच लग्न झालेल्या बाई आल्या. लोकल बोर्डाच्या शाळेत दोघेही, राहायला शाळेला लागून खोली, पाळणा त्या खोलीत. मधल्या सुट्टीत बाई जाऊन पाजून येत. त्या पिढीच्या आठवणी निघाल्या की ‘आम्हांला कुठे रजा होती’ हे वाक्य अभिमानाने येते. अभिमान कशाचा, हे मला कधी कळले नाही.

देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला तो मुंबई इलाख्यातच, १९२९ साली. बेळगाव तेव्हा या इलाख्यात होते. पण कायदा होता कारखान्यातल्या बायकांसाठी. बाळंतिणीच्या विश्रांतीचा खर्च मालकाने सोसायचा की सरकारने, यावर तेव्हाही वाद झाला होता आणि तो आजवर मिटलेला नाही. शिक्षिका या वादात कुठेच नव्हती. तिला खात्याचे नियम लागू.

१९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि चंदगड तालुका त्यातून सुटून कोल्हापूरला जोडला गेला. सीमावादाचे बाकीचे वाचकांना ठाऊकच आहे. इथे सांगायचे ते एवढेच, की माहेर चंदगडला आणि शाळा खानापूर तालुक्यात, अशा बाईची नोकरी एका राज्यात आणि पहिले बाळंतपण दुसऱ्या राज्यात, हा प्रकार तेव्हापासूनचा. पहिलटकरीण माहेरी जाते, दवाखान्याचे कागद तिकडचे मराठीत, रजेचा अर्ज इकडे कन्नडमध्ये. अर्ज बहुधा शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांकडून लिहून घेतला जातो. त्यात रजेला ‘हेरिगे रजे’ म्हणतात. बोलताना मराठी बाईसुद्धा आता ‘हेरिगे रजा टाकली’ असेच म्हणते.

खरी गुंतागुंत आहे ती दुसऱ्या एका शब्दाची. अतिथी शिक्षिकेला जे पैसे मिळतात त्याला मराठीत मानधन म्हणतात, कन्नडमध्ये गौरवधन. दोन्ही भाषांनी मिळून त्यात मान घातला, गौरव घातला, आणि पगार तेवढा काढून घेतला. ‘अतिथी’ हाही शब्द तसाच गोड. पाहुणीने किती दिवस राहायचे ते यजमान ठरवतो. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, कायम शिक्षक आला की त्याआधीच संपणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीचे पैसे नाहीत. रक्कम आज दहा-बारा हजारांच्या घरात आहे. पगार म्हटले की त्याच्यामागे रजा येते, भविष्य निर्वाह निधी येतो, उपदान (ग्रॅच्युइटी) येते. मानधनाच्या मागे काही येत नाही. शब्द नुसता सौजन्याचा असता तर इथे एवढी जागा खर्च केली नसती. कायद्यात त्याला वजन आहे.

या वजनाची कथा शेजारच्या गोव्यातून सुरू होते. तिथल्या एका शाळेने कामावरून कमी केलेली एक शिक्षिका औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेली. प्रकरण बाळंतपणाचे नव्हते, पण निकाल सगळ्याच शिक्षिकांना भोवला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे. शिकवणे हे कुशल काम नाही, अकुशल नाही, कारकुनीही नाही. ते एक उदात्त कार्य आहे, असा त्या निकालाचा आशय. ५ सप्टेंबरच्या भाषणांत हेच ऐकून टाळ्या पडतात. निकालात ते आले तेव्हा एका बाईचा दाद मागण्याचा रस्ता बंद झाला.

मग २००४ मध्ये उपदानाच्या कायद्याचा प्रश्न आला आणि तिथेही तेच झाले : व्याख्येत कुशल, अकुशल, कारकुनी असे शब्द आहेत, शिक्षक त्यांत बसत नाही, म्हणून तो ‘कर्मचारी’ नाही. संसदेला २००९ मध्ये व्याख्याच बदलावी लागली, आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून मागे नेऊन लागू केली. खासगी शाळाचालकांनी हा बदल आव्हानात नेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते आव्हान फेटाळले गेले. म्हणजे शिक्षक हा नोकरी करणारा माणूस आहे हे एका कायद्यापुरते ठरायला १८ वर्षे लागली. मानधनाचे कोडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजूने थोडे सुटले. अंगणवाडी सेविकांना मिळणारे मानधन हे उपदानाच्या कायद्यापुरते वेतनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २००६ मध्ये कर्नाटकातल्याच एका प्रकरणात अंगणवाडी सेविकेचे पद हे सरकारी नागरी पद नाही, असे याच न्यायालयाने ठरवले होते. दोन्ही निकाल आपापल्या जागी उभे आहेत, आणि गावातली अंगणवाडी आणि शाळा बहुधा एकाच आवारात.

बाळंतपणाच्या कायद्यात हा घोळ जरा वेगळ्या रूपात येतो. १९६१ चा केंद्रीय कायदा मुळात कारखाने, खाणी, मळे अशा ठिकाणांसाठी होता. १९८८ च्या दुरुस्तीने दहा किंवा अधिक माणसे असलेली दुकाने आणि आस्थापना त्यात आल्या. खासगी शाळा ही आस्थापना की नाही? केरळने २०२० मध्ये वेगळी अधिसूचना काढून खासगी विनाअनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षिकांना या कायद्याखाली आणले. अधिसूचना काढावी लागली, यातच उत्तर पुरेसे संशयास्पद असल्याचे दिसते. शिवाय दहा माणसांची अट. खेड्यातल्या लहान इंग्रजी शाळेत आठ जण असतात, त्यांतही दोघे संस्थाचालकाच्या घरचे.

२०१७ मध्ये १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांपुरती. शहरात पेढे वाटावेत अशी ही बातमी. खासगी शाळांत मात्र हा पूर्ण पगार मालकाच्या खिशातून जाणार होता, सरकारचा त्यात वाटा नव्हता. नवीन लग्न झालेल्या उमेदवार मुलीला मुलाखतीत ‘पुढचा विचार काय?’ असे विचारले जाणे तेव्हापासून वाढले, असे या क्षेत्रातल्या बायका सांगतात. विचारणाराही ओळखीचा, गावातलाच. प्रश्न काळजीने केल्यासारखा. ५० किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघर हवे, हीही याच दुरुस्तीतली तरतूद. ५० माणसांची शाळा बेळगाव शहरात सापडेल. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात तिघांवर शाळा चालते.

न्यायालये मात्र बाळंतिणीच्या बाबतीत शिक्षकांच्या व्याख्येपेक्षा उदार राहिली, हे नोंदवायला हवे. २००० सालच्या ८ मार्चला दिल्लीच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे असा निकाल आला. २०२३ मध्ये तर कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ पुरा द्यावा लागेल, असे ठरले. हे निकाल घेऊन भांडायचे तर उच्च न्यायालयाचे धारवाडचे खंडपीठ गाठायचे. ते २००८ मध्ये झाले म्हणून बरे, नाहीतर बेंगळूरचा पाचशे किलोमीटरचा रस्ता होता. पण तान्हे बाळ कडेवर, आणि पुढच्या जूनला त्याच मुख्याध्यापकांकडे जागा मागायची, अशा स्थितीत धारवाड काय, तालुक्याच्या गावचे बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिससुद्धा लांबच असते.

कायम बाईंची वाट सोपी आहे असेही नाही. बाळंतपणाच्या १८० दिवसांवर मिळणारी शिशुपालन रजा केंद्राच्या कर्मचाऱ्यांना २००८ पासून आहे, एकूण ७३० दिवसांची. महाराष्ट्राने २०१८ मध्ये १८० दिवस दिले. कर्नाटकाने २०२१ च्या अर्थसंकल्पात घोषणा करून त्याच वर्षी १८० दिवस दिले. त्यामुळे बेळगाव शहरात, कॅम्पातल्या केंद्राच्या शाळेतली बाई दोन वर्षांची रजा राखून असते, राज्याच्या शाळेतली सहा महिन्यांची, आणि अतिथी बाई शून्याची. तिघींची मुले एकाच दवाखान्यात लस टोचून घेतात. शिवाय शिशुपालन रजा मागितली की ‘शाळेला बदली माणूस नाही’ हे उत्तर तयार असते. बदली माणूस म्हणून पाठवली तर पाठवतात अतिथी शिक्षिकाच. एका बाईची रजा ही दुसऱ्या बाईची नोकरी. त्या रजेवरची परतली की दुसरी घरी.

बदल्यांचे गणित २००७ च्या कायद्यापासून समुपदेशनाने (यादीतल्या क्रमाने बोलावून रिकामी जागा निवडायला देऊन) चालते, २०२० मध्ये त्याजागी नवा कायदा आला. जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याच्या लेखी बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत. सासर निपाणीला आणि नेमणूक खानापुरात असेल, तर घराजवळ येण्याची किंमत ज्येष्ठतेत मोजावी लागते : पलीकडच्या यादीत तळाला जायचे. ज्यांची नेमणूक १ एप्रिल २००६ नंतरची, त्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून ‘वीस वर्षे काढ, पेन्शन घे आणि मग घरी बस’ हा सासूबाईंचा जुना सल्लाही आता लागू पडत नाही.

आणि मराठी शाळांचे काय होणार, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहेच. १९९४ चा शिकवण्याच्या माध्यमाविषयीचा कर्नाटकाचा आदेश, २०१४ मध्ये त्यावरचा निकाल, २०१५ चा कन्नड सक्तीचा कायदा, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात न येणारी गोष्ट अशी, की २०१९ पासून सरकारी शाळांतच इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघू लागले, मराठी शाळेचा पट उतरला, आणि पट उतरला की शिक्षक ‘हेच्चुवरी’, म्हणजे जादा ठरतो. रिकामी झालेली कायम जागा भरली जात नाही. काम मात्र उरते, आणि ते अतिथीकडे जाते. महाराष्ट्र आपण दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी बोलतो, कर्नाटक कन्नडसाठी बोलते. दहा-बारा हजारांच्या मानधनावर मराठी शिकवणाऱ्या बाईच्या रजेबद्दल दोघांपैकी कोणी तोंड उघडल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडच्या दोन गोष्टींनी हिशेब थोडा हलला. ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. शहरात राहून खानापूरच्या आतल्या गावात शिकवणाऱ्या बाईचा मानधनातला मोठा हिस्सा बसला जात असे, तो वाचला. ‘पैसे बसलाच जातात तर जायचे कशाला’ हे घरातले हुकमी वाक्य त्याने बोथट झाले. त्याच वर्षी ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरे जाहीर झाली, मुळात रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. शिक्षिकेने बाळ तिथे ठेवावे का, यावर एका घरात झालेली बोलाचाली मी ऐकली आहे. सासूबाईंचे म्हणणे होते, ‘बाईंचं पोर कामावरल्या बायकांच्या पोरांत?’ कायद्याने बाईंना कामगार मानले नाही, आणि घरानेही नाही.

हाताशी उरते ते कॅलेंडर. शाळा १० एप्रिलच्या सुमारास बंद होते आणि मेअखेरीस उघडते. बाळंतपण सुट्टीच्या तोंडावर आले तर बरे, असे अतिथी बाई आपसांत बोलतात. दिवस राहण्याच्या वेळीच तो हिशेब करणाऱ्याही आहेत. मधले दिवस पन्नासच्या आत. शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू, बारसे आणि सव्वा महिना त्यात बसतो. वर आठ-दहा दिवस राहतात. तेवढ्यात बाळाला वाटी-चमच्याची सवय लावायची असते.