बर्फाची वाट पाहणारी स्पर्धा: स्नोबोर्डिंगची पार्श्वभूमी

२०२५च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा दुसरा टप्पा २२ फेब्रुवारीला गुलमर्गमध्ये सुरू व्हायचा होता. तारखा जाहीर झाल्या होत्या, पण उतारांवर पुरेसा बर्फ नव्हता. स्पर्धा पुढे ढकलली गेली. फेब्रुवारी सरता सरता आभाळ भरून आले, बर्फ पडला आणि ९ ते १२ मार्चला खेळ झाले. याच स्पर्धांचा पहिला टप्पा जानेवारीत लेहमध्ये ठरल्या वेळी पार पडला होता.

दोन्हीकडे थंडी होती, मग फरक कुठे पडला? मराठीत आपण दोन्ही गोष्टींना ‘बर्फ’च म्हणतो, म्हणून हा प्रश्न जरा गोंधळात टाकतो. लेहमध्ये आइस हॉकी आणि स्केटिंग होते. त्यांना लागतो तो गोठलेल्या पाण्याचा बर्फ. कडाक्याची थंडी आणि भरपूर पाणी असले की काम भागते. बंद सभागृहात यंत्रानेही असा बर्फ गोठवता येतो. आइस स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची मुले पदके आणतात, ती त्यामुळेच. गुलमर्गला मात्र स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग (एकाच रुंद फळीवर उभे राहून उतारावरून घसरणे) होते, आणि त्यांना आभाळातून पडणारा, थरावर थर साचणारा बर्फ हवा. काश्मिरीत त्याला ‘शीन’ असा वेगळा शब्दच आहे. नुसती थंडी शीन आणत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात ओल घेऊन यावे लागतात. ते चुकले की काश्मीरचा हिवाळा बोचरा पण कोरडा जातो.

स्नोबोर्डिंगचे बर्फाशी असलेले नाते गेल्या साठ वर्षांत पार बदलले आहे. हा खेळ जन्मला ताज्या, भुसभुशीत बर्फावर. स्पर्धांनी त्याला घट्ट, यंत्राने घडवलेल्या बर्फाकडे नेले. गुलमर्गची अडचण नीट समजायची तर हा प्रवास पाहावा लागतो.

१९६५च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, मस्कीगन गावी, शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली. तिच्यावर उभे राहून घराजवळच्या टेकडीवरून घसरायचे. पत्नीने तिला नाव दिले ‘स्नर्फर’, म्हणजे बर्फावरचे सर्फिंग. पुढे पुढच्या टोकाला हातात धरायची दोरी आली, एका कंपनीने ही फळी बाजारात आणली आणि मस्कीगनमध्ये शर्यती भरू लागल्या. अरुंद स्की मऊ बर्फात रुतते, रुंद फळी त्यावर तरंगते. खेळाची सगळी गंमत त्या तरंगण्यात होती.

अमेरिकेच्या पूर्वेकडील व्हरमॉन्ट राज्यात, लंडनडेरीत, १९७७मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी अशा फळ्या बनवण्याचा धंदा सुरू केला. १९७९मध्ये ते मस्कीगनच्या शर्यतीला आले ते पाय बांधायचे पट्टे लावलेली स्वतःची फळी घेऊन. इतर स्पर्धक बिथरले, ही स्नर्फर नव्हेच म्हणाले. शेवटी त्यांच्यासाठी वेगळा खुला गट काढावा लागला. त्या गटात ते एकटेच होते आणि अर्थातच जिंकले. १९८२मध्ये व्हरमॉन्टच्याच वुडस्टॉकजवळ ‘सुसाइड सिक्स’ या डोंगरावर राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे ती स्ट्रॅटनला गेली आणि यूएस ओपन म्हणून नावारूपाला आली. तोवर बहुतेक स्की रिसॉर्टवर या फळीला बंदीच होती.

पूर्वेकडे हे शर्यतीचे वळण, तर पश्चिमेकडे कॅलिफोर्नियात स्केटबोर्डवाल्यांचे. टाहो सिटीच्या कचरा डेपोजवळ एक नैसर्गिक घळ होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चढून पोरे हवेत उडू लागली. हाफपाइपचा, म्हणजे उभ्या चिरलेल्या नळीसारख्या बर्फाच्या घळीचा, उगम तिथे आहे. १९८३मध्ये स्केटबोर्डवाल्यांपैकीच टॉम सिम्स यांनी सोडा स्प्रिंग्जच्या स्पर्धेत हाफपाइप ठेवला, तेव्हा बर्टनच्या चमूने बहिष्काराची धमकी दिली. याचा स्नोबोर्डिंगशी संबंधच काय, असे त्यांचे म्हणणे होते. आज सामान्य प्रेक्षकाला स्नोबोर्डिंग म्हटले की हाफपाइपच आठवतो.

या प्रकाराला बर्फ किती लागतो, ते टीव्हीवर कळत नाही. सुरुवातीचे पाइप माणसांनी फावड्याने कोरलेले, भिंती पुरुषभर उंचीच्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतील डग वॉ यांनी ‘पाइप ड्रॅगन’ नावाचे भिंत गोलाईत कापणारे यंत्र बनवले. मग भिंती वाढत गेल्या आणि २२ फुटांवर, म्हणजे सुमारे ६.७ मीटरवर आल्या. आपल्याकडच्या दुमजली घराएवढी भिंत, दोन्ही बाजूंना, दीडशे मीटरच्या आसपास लांबीची. खाली मातीचा साचा खणून बर्फ वाचवता येतो, तरीही लागणारा साठा प्रचंड असतो. शिवाय भिंत उभी राहायला बर्फ दाट हवा. नुकत्याच पडलेल्या बर्फाचे वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो, यंत्रातून निघालेल्याचे ४०० ते ५०० किलो. पाइप बांधणाऱ्यांना म्हणूनच यंत्राचा बर्फ आवडतो. पाइपमध्ये ताजा बर्फ पडला तर वेग मरतो, तो झाडून काढावा लागतो. ज्या ताज्या बर्फाने या खेळाला जन्म दिला, तोच पाइपमध्ये अडचणीचा ठरतो.

यंत्राचा बर्फ स्नोबोर्डहून जुना. १९५०मध्ये कनेक्टिकटच्या मोहॉक डोंगरावर तीन अभियंत्यांनी दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारून तो पाडला. सूक्ष्म थेंब हवेतच बाहेरून आत गोठतात, त्यामुळे सहा पाकळ्यांचा स्फटिक न होता गोल दाणा तयार होतो. यासाठी हवा थंडही हवी आणि कोरडीही. तंत्रज्ञ साधे तापमान पाहत नाहीत, थंडी आणि कोरडेपणा दोन्ही एकत्र दाखवणारे ओल्या फडक्याचे तापमापक पाहतात, आणि ते साधारण उणे २ अंशांच्या खाली गेले की बर्फ फवारणाऱ्या बंदुका सुरू करतात. हवा दमट असेल तर शून्याखालीही काम अडते. १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये हा बर्फ पहिल्यांदा वापरला गेला.

स्नोबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये आले १९९८ला, नागानोत. त्याची सूत्रे स्नोबोर्डवाल्यांच्या स्वतःच्या महासंघाकडे न देता स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे दिली गेली. त्या काळातला सर्वोत्तम मानला जाणारा नॉर्वेचा तेर्ये हाकोन्सेन त्या निषेधार्थ गेलाच नाही. त्याची बाजू मला आजही पटते. स्नोबोर्डवाल्यांचा महासंघ २००२मध्ये बंद पडला. मात्र ऑलिम्पिक म्हटले की तारीख आली, आणि टीव्हीची तारीख बर्फ पाहून हलत नाही.

ते कॅनडातल्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये उघडे पडले. २०१०च्या जानेवारीत त्या शहरात विक्रमी ऊब होती. स्नोबोर्डिंग जिथे व्हायचे त्या समुद्राजवळच्या, कमी उंचीच्या सायप्रस डोंगरावर बर्फाऐवजी पाऊस पडत राहिला. उतारांचा गाभा गवताच्या पेंढ्यांनी आणि लाकडांनी भरला, वर बर्फाचा थर दिला. तो बर्फ मॅनिंग पार्कच्या बाजूने ट्रक भरभरून आणला, वरच्या कड्यांवरून हेलिकॉप्टरने उतरवला. प्रेक्षकांच्या उभे राहण्याच्या जागेवरचा बर्फ पावसाने धुऊन नेला, खाली पोकळ पेंढा उरला. एकूण २८,००० तिकिटे रद्द झाली. त्या डोंगरावर अहोरात्र राबलेल्या लोकांनी पाइप मात्र उभा केला, आणि अमेरिकेच्या शॉन व्हाइटने तिथेच सुवर्ण जिंकले. मला त्या पदकाइतकेच त्या माणसांचे काम मोठे वाटते.

रशियाने यातून धडा घेतला आणि २०१४च्या सोची ऑलिम्पिकसाठी आधीच्या हिवाळ्यातला लाखो घनमीटर बर्फ उष्णतारोधक आच्छादनाखाली उन्हाळाभर झाकून ठेवला. बर्फ पुरला, पण थंडी पुरली नाही. पाइपचा तळ मऊ पडून खड्डे झाले, खेळाडूंनी उघड तक्रारी केल्या. ऐन स्पर्धेच्या काळात स्वित्झर्लंडहून मीठ मागवावे लागले. मीठ वरचा थर किंचित वितळवते, त्या वितळण्यात आजूबाजूची उष्णता शोषली जाते आणि खालचा बर्फ कडक होतो. उपाय चांगला, पण काही तासांचा. व्हाइट त्या वेळी चौथा आला.

२०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये प्रश्न उलटा होता: स्नोबोर्डिंगच्या ठिकाणी, झांगजियाकोऊला, कडक थंडी होती, पण हवा कोरडी, म्हणून जवळपास सगळा बर्फ यंत्राचा. भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान त्याच ऑलिम्पिकमध्ये यंत्राच्या बर्फाने झाकलेल्या यानचिंगच्या उतारांवर स्कीइंगच्या शर्यती खेळला. तो गुलमर्गजवळचा.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. इथे इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७मध्ये स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर लष्कराची उंच प्रदेशातील युद्धशाळा इथेच आली. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा १९९८ला, दुसरा २००५ला सुरू झाला आणि अफरवत डोंगराच्या जवळपास ४,००० मीटर उंचीपर्यंत लोक जाऊ लागले. परदेशी स्नोबोर्डवाले इथे येतात ते न कोरलेल्या, खोल, भुसभुशीत बर्फासाठी, म्हणजे या खेळाच्या मूळ रूपासाठी. स्पर्धाही इथे मुख्यतः आभाळातून पडलेल्या बर्फावरच चालतात.

त्या बर्फाचे काश्मीरमध्ये स्वतःचे पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, मोठी थंडी. पुढे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. मोठ्या चिल्लईत पडलेला बर्फ कोरडा असतो, थंडीत दबून घट्ट होतो आणि वसंतापर्यंत टिकतो. झरे, झेलम, सफरचंदाच्या बागा यांचे पाणी त्यातूनच येते. फेब्रुवारीअखेर पडणारा बर्फ जड, ओला, लवकर वितळणारा. तो स्पर्धा उरकून देतो, पण उन्हाळ्यासाठी फार मागे उरत नाही.

उशिराच्या बर्फात धोकाही असतो. कोरड्या थंडीत जमिनीवरच्या पातळ थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात आणि त्यावर एकदम जाड थर पडला तर तो घसरतो. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे, पिवळट पडले होते. घोडेवाले आणि मार्गदर्शक रिकामे बसले होते. मोठी चिल्लई संपता संपता बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत भरपूर पडला, आणि खेलो इंडियाचे सामने २१ तारखेला ठरल्याप्रमाणे सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी, २२ फेब्रुवारीला, वर अफरवतच्या उतारावर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला.