गिटारचे पहिले धडे आले कुठून?

गिटार शिकायला घेतली की पहिल्याच महिन्यात उलटसुलट सल्ले कानावर पडतात. एक शिक्षक सांगतो, डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवा, गिटार डाव्या मांडीवर घ्या, अंगठा नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, मागेच हवा. दुसरा म्हणतो, उजव्या मांडीवर घ्या, अंगठा वरून डोकावला तरी बिघडत नाही. कुणी नखं वाढवायला लावतं, कुणी हातात पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, देतं. यातलं कुणीही खोटं सांगत नसतं. हे नियम वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या बांधणीच्या वाद्यांवर तयार झाले आणि आज एकाच शिकवणीत येऊन बसले, एवढंच.

सर्वांत जुना धागा टॅबचा, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीचा. लुईस मिलान याने १५३६ मध्ये व्हॅलेन्सियात विहुएला या गिटारच्या नातलग वाद्यासाठी ‘एल माएस्त्रो’ हे पुस्तक छापलं, तेही अगदी कोऱ्या पाटीच्या विद्यार्थ्यासाठी. सहा रेषा म्हणजे तारांच्या सहा जोड्या, रेषेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, नेकवरची आडवी पट्टी. त्या काळी स्पेन-इटलीत बहुतेक जण उंच स्वराची तार खालच्या रेषेवर दाखवत. मिलानने ती वर ठेवली, आजच्या टॅबसारखीच. टॅब म्हणजे आळशांची पळवाट, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून स्ट्रमिंग करणं, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं, ही मात्र गिटारची स्वतःची वाट. तेव्हाच्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असत. पेशाने डॉक्टर असलेल्या जुआन कार्लोस आमात यांचं छोटेखानी पुस्तक १५९६ चं मानलं जातं. त्यात प्रत्येक कॉर्डला आकडा दिला आहे, म्हणजे स्वरलिपी न येणाऱ्यालाही गाण्याला साथ करता यावी. १६०६ मध्ये फ्लॉरेन्सला मॉन्तेसार्दोने आकड्यांऐवजी अक्षरं छापली. ती आजच्या सी, जी, डी यांच्याशी जुळत नाहीत, पण शब्दांवर कॉर्डची खूण लिहायची सोय तेव्हापासूनची.

सुट्या सहा तारांची गिटार १८०० च्या आसपास रुळली आणि उजव्या हाताचा रियाज पद्धतशीर झाला. गिटारवादक माउरो जुलियानी यांचे १८१२ चे १२० व्यायाम बघा: डावा हात सी आणि जी सेव्हन एवढ्या दोनच कॉर्डवर, सगळी कसरत उजव्या बोटांची. एका वेळी एकाच हाताकडे लक्ष देण्याची ही युक्ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. नखांचा वादही याच काळातला. गिटारवादक फर्नांदो सोर बोटांच्या मांसल टोकांनी वाजवत, त्यांचे मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी. आग्वादोंनी गिटार टेकवायला तिवईही बनवली होती, ती फारशी चालली नाही. पुढे गिटार बनवणारे अंतोनिओ दे तोरेस यांनी गिटारचा देह मोठा केला, आणि वादक फ्रान्सिस्को तार्रेगा यांच्या परंपरेत डाव्या पायाखालचा स्टूल पक्का झाला. त्याने नेक वर उचलली जाते आणि डावं मनगट फार मुडपावं लागत नाही.

दुसऱ्या शिक्षकाचे नियम अमेरिकेतले. तोवर तारा आतड्याच्या आणि रेशमावर धातू गुंडाळलेल्या असत. १९२० च्या दशकात मार्टिनसारख्या कंपन्यांनी पोलादी तारांना पेलेल अशी बांधणी सर्रास केली. आवाज वाढला, ताणही खूप वाढला. नवशिक्याची बोटं सोलवटतात त्याचं मूळ इथे आहे. नेक अरुंद झाल्यामुळे अंगठा वर येणं सोपं झालं, आणि गळ्यात पट्टा अडकवून उभ्याने वाजवणाऱ्याला स्टुलाचं काय काम! त्याच दशकात सेल्युलॉइडचे स्वस्त पिक आले. पण हातात धरायचं चपटं पिक सगळ्यांनीच घेतलं नाही. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टलला कार्टर कुटुंब या गाणाऱ्या मंडळींचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. मेबेल कार्टर अंगठ्याने खालच्या स्वरांच्या तारांवर चाल वाजवत आणि उरलेल्या बोटांनी वरच्या स्वरांच्या तारा छेडत ताल धरत.

नायलॉनची तार तर याहूनही नवी. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारांचा तुटवडा पडला, तेव्हा तारा बनवणारे अल्बर्ट ऑगस्टिन आणि गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी नायलॉन आजमावलं. त्यामुळे ‘आधी पारंपरिक गिटारवर शिका, मग इलेक्ट्रिक घ्या’ असं सांगून हाती दिली जाणारी नायलॉनच्या तारांची गिटार इलेक्ट्रिकपेक्षा सुमारे दहा-पंधरा वर्षांनी धाकटी आहे.